दाढीवाला पिग्मी की केपचा बुटका: आफ्रिकेतले दोन चिमुकले घोयरे

घोयरा म्हणजे रंग बदलणारा सरडा. हे दोघेही बुटके, पण जगण्याची रीत अगदी निराळी. टांझानियातल्या उसंबारा, उलुगुरू डोंगरांतला दाढीवाला पिग्मी जेमतेम 8 सेंटिमीटर. आखूड शेपटी, तपकिरी अंग, त्यावर पानाच्या शिरांसारख्या रेघा. दिवसा पालापाचोळ्यात नि खुरट्या झुडपांत वावरतो, रात्री बुटक्या रोपावर चढून झोपतो. हातात धरलं तर अंग थरथरवतो. पहिल्यांदा धरणारा दचकतोच.

केप टाउनच्या आसपासचा बुटका साधारण 15 सेंटिमीटर, हिरवागार, काडीला वेढा घालणाऱ्या लांब शेपटीचा. घरांच्या कुंपणांतही दिसतो.

खरा फरक विणीचा. पिग्मी मोजकीच अंडी ओलसर मातीत घालतो. माती कोरडी पडली की अंडी आक्रसतात. केपची मादी थेट पिल्लंच देते. तिथला हिवाळा थंड नि पावसाळी. पोटात पिल्लं असताना ती उन्हात बसून ऊब मिळवू शकते. जमिनीतल्या अंड्यांना ती सोय नाही. पिल्लं चिकट पातळ पडद्यात, फांदीवरच जन्मतात आणि लगेच सुटी होतात.

एकाला जंगलतोड भोवते, तर दुसऱ्याला पाळीव मांजरं.