.३२७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर आणि घरी ओतलेली जड गोळी : काही महिन्यांच्या वापरानंतर

निकाल आधी सांगतो. .३२७ फेडरल मॅग्नम या काडतुसासाठी ओतीव शिशाची जड गोळी घरी करायची असेल, तर लायमन कंपनीचा ३११००८ हा जुना लोखंडी साचा बिनधास्त घ्या. मात्र शिसं किती कडक हवं यावर डोकं शिणवण्याआधी गोळी तुमच्या सिलिंडरमध्ये (काडतुसांच्या फिरत्या नळकांड्यात) आणि पुंगळीत (काडतुसाच्या धातूच्या कवचात) कशी बसते ते मोजा. मागच्या हिवाळ्यापासून मी अमेरिकेतल्या फिनिक्समध्ये हीच काडतुसं भरतोय आणि बेन एव्हरी या नेमबाजीच्या रेंजवर वापरतोय. रिव्हॉल्व्हर रुगर कंपनीचं सिंगल सेव्हन, सात काडतुसांचं, मागचा साइट (नेम धरायची खूण) वर-खाली करता येणारा.

हे काडतूस तसं नवं, २००७-०८ मधलं. त्याच्या मागे १९८४ चं .३२ एच अँड आर मॅग्नम आणि त्याही मागे १८९६ चं .३२ एस अँड डब्ल्यू लाँग. ही तिन्ही या एकाच रिव्हॉल्व्हरमध्ये चालतात. शेवटचं आपल्याकडच्या परवानाधारकांच्या चांगल्या ओळखीचं, कारण कानपूरच्या .३२ रिव्हॉल्व्हरमध्ये तेच जातं. उलटं मात्र कधीही चालत नाही. .३२७ चा कमाल दाब ४५,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) आणि लाँगचा १५,००० च्या घरात, त्यामुळे एकाचा हिशेब दुसऱ्याला लावायचाच नाही.

बाजारात मिळणारं .३२७ जोरदार असतं, पण आवाज असा की दुहेरी कानरक्षण लावूनही डोकं भणभणतं. मला हवी होती जड, मध्यम वेगाची, सपाट नाकाची गोळी. ३११००८ हा मूळचा .३२-२० विंचेस्टरसाठीचा साचा. ते काडतूस १८८२ चं. गोळी ११५ ग्रेनच्या आसपास, म्हणजे जवळपास साडेसात ग्रॅम. बूड साधं, गॅस चेक (बुडाला लावायची धातूची टोपी) बसवायची सोय नाही. म्हणूनच मी ती सेकंदाला हजार फुटांच्या आसपास ठेवतो. त्यापुढे पळवायची असेल तर तांब्याचा गॅस चेक बसणारा वेगळा साचा घ्यावा. साध्या बुडाच्या गोळीकडून पूर्ण मॅग्नम वेग मागू नये, असं माझं स्पष्ट मत झालंय.

ओतण्यात फारसं अवघड काही नाही. लोखंडी साचा तापायला वेळ घेतो, पहिल्या गोळ्या सुरकुतलेल्या निघतात, त्या परत भांड्यात टाकायच्या. साच्याने एकदा उष्णता धरली की गोळीच्या कडा धारदार आणि वंगणाची खाच स्वच्छ उमटते. मी गाडीच्या चाकांचा तोल साधणारी जुनी क्लिपवाली वजनं वितळवून त्यात थोडं कथील घालतो. भांडं ३७० ते ४०० अंश सेल्सिअसवर. (शुद्ध शिसं वितळतं ३२७ अंशांना, हा योगायोग मला फार आवडतो.)

आता खरा मुद्दा. सुरुवातीच्या काडतुसांनी नळीत शिसं धरलं. फोर्सिंग कोनच्या (नळीच्या मागच्या निमुळत्या तोंडाच्या) लगेच पुढे, खोबणींच्या कडेने करड्या रेघा. ब्रशला तांब्याची जाळी गुंडाळून घासलं की चंदेरी पापुद्रे निघायचे. अशा वेळी रेंजवरचा जो तो सांगतो, शिसं आणखी कडक करा. मी त्याऐवजी मायक्रोमीटर काढला. नळीत मऊ शिशाचा गोळा ठोकून पलीकडे काढला : खोबणींचा व्यास ०.३१२ इंच. सिलिंडरच्या थ्रोटमधून (खणाच्या पुढच्या तोंडातून) तसाच काढलेला गोळा ०.३१३ च्या किंचित वर. साइझिंग करून (ठरावीक व्यासाच्या भोकातून दाबून) निघालेली माझी गोळी ०.३१३. म्हणजे सगळं बरोबर. मग एका भरलेल्या काडतुसातून गोळी उपसून मोजली, तर तिचं बूड ०.३११ वर आलेलं!

चोर सापडला तो काडतूस भरायच्या डायच्या (साच्यांच्या) संचात. त्यातला एक्सपांडर (पुंगळीचं तोंड फाकवणारा दांडा) तांब्याचं जॅकेट चढवलेल्या कडक गोळ्यांच्या हिशेबाने केलेला, म्हणून पुंगळीचं तोंड आतून अरुंद राहायचं आणि ओतीव गोळी आत ढकलताना पुंगळीच तिला दाबून बारीक करायची. बारीक बुडाच्या कडेने तापलेला वायू निसटतो, शिसं वितळवतो आणि नळीला चिकटवतो. ओतीव गोळ्यांसाठीचा जरा जाड, पायरीचा एक्सपांडर घेतला आणि त्याच शिशाने, त्याच वंगणाने नळी स्वच्छ राहू लागली. आता बोर स्नेक (नळी पुसायची दोरी) एकदा फिरवला की काम होतं. संच विकणाऱ्याने हे खोक्यावर छापायला हवं होतं. कितीतरी नवखे इथेच कंटाळून ओतीव गोळ्या सोडून देतात.

क्रिंपकडे, म्हणजे पुंगळीचं तोंड गोळीवर आवळण्याकडे, दुर्लक्ष करू नका. जड गोळी असली की रिव्हॉल्व्हर मागे उसळताना सिलिंडरमधल्या उरलेल्या गोळ्या पुंगळीतून पुढे सरकू पाहतात, आणि एखादी फार पुढे आली तर सिलिंडर फिरतच नाही. क्रिंपच्या खाचेत पुंगळीची कड आत वळवून घट्ट रोल क्रिंप द्या. सहा झाडून सातवं काडतूस बाहेर काढा आणि आधीच्या लांबीशी ताडून पाहा. खाचेपेक्षा खोल बसवणंही टाळा. लांब गोळी आधीच पुंगळीतली जागा खाते, ती आणखी आत गेली की दाब झपाट्याने चढतो. बारुदीचं वजन इथे मुद्दाम देत नाही. काडतुसं भरण्याचं छापील मॅन्युअल घ्या, त्यातल्या किमान आकड्यापासून सुरुवात करा आणि कोणाच्या तोंडी आकड्यावर विसंबू नका.

नेम कुठे लागतो? २५ यार्डांवर ही गोळी हलक्या गोळीपेक्षा वर लागते. ती सावकाश निघते, तोवर नळी उचललेली असते. साइट खाली घेतला की झालं. फिक्स्ड (न हलणाऱ्या) साइटवाल्यांनी मात्र आधीच विचार करावा. ५० यार्डांवर टेकू देऊन बसलो तर सातही तळहाताएवढ्या जागेत येतात, आणि लांबच्या पोलादी चकतीवर तिचा ठण्ण आवाज हलक्या गोळीपेक्षा भारदस्त येतो. मला याच आवाजाचं वेड आहे.

शिशाबद्दल मात्र अजिबात ढिलाई नको. ओतकाम गॅरेजचं दार सताड उघडं ठेवून, लांब बाह्या, चष्मा आणि हातमोजे घालून. जवळ पाणी, ओला चमचा, चहाचा कप काहीही नको. वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा थेंब गेला की वाफ होऊन अख्खं भांडं उसळतं. वरची मळी काढताना उडणारी भुकटी धुरापेक्षा जास्त त्रासाची, ती झाकणाच्या डब्यात. कपडे वेगळे धुवा, आणि वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासून घ्या. घरात लहान मूल असेल तर हे काम बाहेरच्या शेडमध्येच करा. इथल्या उन्हाळ्यात गॅरेजमध्ये उभं राहवत नाही, म्हणून मी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत गोळ्या ओततो आणि उरलेलं वर्ष काडतुसं भरतो.

कायद्याचं दोन ओळींत. अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसं भरायला केंद्राचा परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. एच-१बी व्हिसावर असलेल्यांना बंदूकच नव्हे, काडतूस बाळगणंही सर्वसाधारणपणे मना आहे; शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद सोडून. आधी वकिलाला विचारा. आणि भारतात परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे, त्यामुळे यातलं काही तिकडे करून बघू नये.

साच्याबद्दल एकच तक्रार : दोनच खण आहेत, त्यामुळे ढीग जमायला वेळ लागतो. वापरून झाला की गरम असतानाच पुसून तेलाचा हलका हात द्या, नाहीतर पावसाळी हवेत गंज धरतो. इथल्या कोरड्या हवेत तो प्रश्न आला नाही, पण न्यू जर्सीकडच्यांना येईल. आठवड्याला भरपूर झाडणाऱ्याने चार खणांचा ॲल्युमिनियमचा घ्यावा. माझ्यासारखा रविवारी सकाळी दोन तास शांतपणे नेम धरत बसणारा असेल, त्याला हा पुरतो. पुढच्या हिवाळ्यात याच शिशावर वंगणाऐवजी पावडर कोटिंग (भुकटी रंगाचा भाजलेला थर) करून बघणार आहे. थर चढला की व्यास वाढतो, म्हणजे मायक्रोमीटर पुन्हा टेबलावर.