शनिवारचा गिटार क्लास, डोंबिवली: तीन आठवड्यांत 'स्मोक ऑन द वॉटर'

आधीच्या एका क्लासमध्ये दोन महिने नुसती सरगम घोटवली, गाण्याचं नाव नाही. कंटाळून सोडला. इथल्या सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "काकू, तुम्हाला वाजवायचंय काय?" मी डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडच्या 'स्मोक ऑन द वॉटर'चं नाव घेतलं. दादाच्या कॅसेटवर ऐकून हे गाणं शाळेपासून डोक्यात होतं.

सुरुवातीची धून फक्त तिसऱ्या आणि चौथ्या तारेवर आहे. दोन्ही तारा मोकळ्या, मग तिसरा फ्रेट (गिटारच्या दांडीवरची धातूची आडवी पट्टी), पाचवा. पुन्हा मोकळ्या, तिसरा, सहावा, पाचवा. एकाच बोटाने दोन्ही तारा दाबायच्या. तरी माझं वाजवणं खरखरीत यायचं. सरांनी पिक (तारा छेडायची छोटी चकती) काढून घेतलं आणि दोन्ही तारा अंगठ्याने आणि तर्जनीने एकदम खेचायला लावल्या. या गाण्याचा मूळ गिटारवादक रिची ब्लॅकमोरही ही धून पिक न वापरता, बोटांनीच वाजवतो. दोन सूर एकत्र उमटले आणि अंगावर काटा आला!

डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडच्या माँट्रोमधला कॅसिनो जळाला, धूर सरोवरावर पसरला, त्यावरूनच हे गाणं झालं. सर ही गोष्ट फार रंगवून सांगतात.

तक्रार एकच. क्लासच्या गिटारच्या तारा फ्रेटपासून फार उंच आहेत, दाबून दाबून बोटांच्या टोकांना वळ उठतात. स्वतःची गिटार न्या. आणि सकाळची बॅच घ्या, संध्याकाळी फार गर्दी असते, सरांना प्रत्येकाकडे नीट बघता येत नाही.