स्टँड-अप इंडिया: डाळ मिलच्या दारातून पाहिलेली कर्जयोजना

५ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या स्टँड-अप इंडिया या कर्जयोजनेची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपली. त्याच वर्षीच्या केंद्रीय अंदाजपत्रकात प्रथमच उद्योग उभारणाऱ्या पाच लाख महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी, पाच वर्षांत दोन कोटी रुपयांपर्यंत मुदत कर्ज देणारी नवी योजना जाहीर झाली. त्या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून जुन्या योजनेचे हे परीक्षण लिहीत आहे. २०२२-२३ मध्ये याच योजनेतून आम्ही लातूर जिल्ह्यातील आमच्या गावी तुरीची लहान डाळ मिल उभारली आणि कर्ज माझ्या नावावर आहे.

कागदावर ही योजना मला आजही उत्तम वाटते. दहा लाखांपासून एक कोटीपर्यंतचे कर्ज, परतफेडीला सात वर्षे, हप्ते सुरू होण्याआधी जास्तीत जास्त अठरा महिन्यांची सवलत आणि व्याजदरावर वरची मर्यादा, अशी तिची रचना होती. प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती वा जमातीच्या आणि एका महिला उद्योजकाला कर्ज द्यावे, ही अपेक्षा तर तिचा कणाच होती. २०२१ च्या अंदाजपत्रकानंतर कुक्कुटपालन, दुग्धव्यवसाय, मत्स्यपालन असे शेतीपूरक व्यवसायही तिच्यात आले. पीककर्ज, विहीर किंवा जमीन सुधारणा मात्र बाहेरच राहिली, आणि ते योग्यच होते. त्या कामांसाठी वेगळ्या योजना आहेत.

महाराष्ट्रातील अनुसूचित जाती व नवबौद्ध अर्जदारांना आणखी एक आधार होता. प्रकल्प खर्चाच्या ७५ टक्के बँकेने कर्ज मंजूर केल्यावर आणि अर्जदाराने स्वतःचे १० टक्के भरल्यावर उरलेले १५ टक्के राज्य शासन देत असे. आमचा प्रकल्प सोळा लाखांचा होता. बँकेचे बारा लाख, शासनाचे दोन लाख चाळीस हजार आणि आमचे एक लाख साठ हजार. आमचा हिस्सा बचत गटातून आणि यजमानांच्या भविष्य निर्वाह निधीतून उभा राहिला. शासनाचा हिस्सा उशिरा आला, पण आला.

पहिली अडचण तारणाची. मिलची यंत्रे आणि शेड हे मूळ तारण होतेच. त्याखेरीज मालमत्ता गहाण ठेवता आली नाही तर हमी देण्यासाठी केंद्राचा स्वतंत्र पतहमी निधी होता. तथापि मालमत्ता घ्यायची की निधीची हमी घ्यायची, हे ठरवण्याचा अधिकार नियमांनी बँकेकडेच ठेवला होता, आणि योजनेतील सर्वांत कमकुवत जागा मला हीच वाटते. शाखेत पहिला प्रश्न आला, "ताई, सातबारा कुणाच्या नावावर आहे?" आमचा सातबारा सासरे आणि त्यांच्या तीन भावांचा सामाईक, क्षेत्र जेमतेम अडीच एकर. ज्या समाजातील भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांना सत्याग्रह करावे लागले, त्या समाजातील अर्जदाराकडे गहाण ठेवण्याजोगी जमीन असेलच, असे गृहीत धरणे विचित्र होते. अर्ज जूनमध्ये दिला होता. जिल्ह्यातील बँकांच्या कर्जवाटपाचा समन्वय पाहणाऱ्या अग्रणी बँक व्यवस्थापकांकडे दोनदा खेटे घातल्यावर नोव्हेंबरमध्ये हमी निधीच्या आधारे मंजुरी मिळाली. शाखेचे नाव लिहीत नाही, कारण तेथील पुढच्या अधिकाऱ्यांनी नीट सहकार्य केले.

खरा तोटा मात्र तारणाने नव्हे, तर महिन्यांच्या हिशेबाने केला. डाळ मिलचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होत नाही. मराठवाड्यात नवी तूर साधारण जानेवारीत बाजारात येऊ लागते, आणि मार्चअखेरपर्यंत जो खरेदी करतो त्याचेच पुढचे वर्ष धड जाते. आम्हाला बारापैकी नऊ लाख यंत्रे आणि शेडसाठी मिळाले, तर खेळत्या भांडवलासाठी तीन लाख. क्विंटलला साडेसात हजारांच्या आसपास भाव धरला, तर तीन लाखांत चाळीस क्विंटल तूर येते. आमची मिल दिवसाला पाच क्विंटल सहज भरडते. म्हणजे वर्षभराची उलाढाल ज्या रकमेवर चालायची, तिच्यात आठ दिवसांचा खुराक. तयार डाळ किराणा दुकानदार महिनाभराच्या उधारीवर घेतात, त्यामुळे तेच पैसे लगेच फिरून परत येत नाहीत.

त्यातही थ्री-फेज वीजजोडणीला विलंब झाल्याने यंत्र सुरू व्हायला फेब्रुवारी संपला आणि खेळत्या भांडवलाचे खाते मार्चच्या शेवटच्या आठवड्यात उघडले. तोवर शेतकऱ्यांकडची तूर आडत्यांच्या गोदामांत गेली होती आणि भाव चढू लागला होता. हप्त्यांची सवलत अठराऐवजी सहाच महिन्यांची दिली होती आणि ती डिसेंबरमधल्या पहिल्या उचलीपासून मोजली गेल्याने जूनमध्ये पहिला हप्ता आला. त्या दिवशी मिलमध्ये अकरा पोती तूर होती.

शिकण्याचा खर्चही कुठल्याच प्रकल्प अहवालात नसतो. तुरीला ओरखडे पाडून तेल लावायचे, रात्रभर मुरू द्यायची, पाणी देऊन उन्हात वाळवायची आणि मगच फोडायची, हे प्रशिक्षणात सांगतात. वाळली की नाही, हे मात्र दाणा दाताखाली धरल्यावरच कळते. कट्कन वाजला तर ठीक. दबला तर दाण्यात अजून ओल आहे, साल सुटणार नाही आणि डाळीचा चुरा होईल. पहिले दोन महिने आमची चुणीच, म्हणजे चुरा आणि साल, जास्त निघाली आणि गावातल्या म्हशी तेवढ्या खूश झाल्या. योजनेच्या पोर्टलवर मार्गदर्शक संस्थांची यादी होती; आम्हाला मिळालेली मदत अर्ज भरण्यापुरतीच राहिली.

मिल तगली ती मजुरीच्या कामावर. शेतकरी घरखर्चाची तूर घेऊन येतात, क्विंटलमागे मजुरी देतात आणि डाळ-चुणी दोन्ही घेऊन जातात; त्यात आपले भांडवल अडकत नाही. दुसऱ्या हंगामात बँकेने खेळत्या भांडवलाची मर्यादा वाढवून सहा लाख केली, तेव्हा जानेवारीतच खरेदी करता आली.

ज्यांची गरज दहा लाखांच्या आत आहे, त्यांच्यासाठी ही योजना नव्हतीच. त्यांनी मुद्रा कर्ज किंवा, अजून चालू असेल तर, सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची ३५ टक्के अनुदानाची केंद्रीय योजना पाहावी. मोठ्या कर्जासाठी नव्या योजनेकडे जाणाऱ्यांनी प्रकल्प अहवालात यंत्राच्या कोटेशनइतक्याच ठळकपणे कच्च्या मालाच्या खरेदीचे महिने लिहावेत, हप्त्यांची सवलत पहिला हंगाम संपेपर्यंत मागावी आणि नकार मिळाल्यास तो लेखी घ्यावा. मुदत कर्जाबरोबर खेळते भांडवल कोण देणार, हेही मंजुरीआधीच विचारून घ्यावे. पाचपैकी गुण द्यायचे तर योजनेला मी साडेतीन देईन. कापलेल्या दीड गुणातला एक पूर्णपणे त्या सहा महिन्यांच्या सवलतीसाठी आहे.