रणांगणापेक्षा बराकीत रमलेला कथासंग्रह

लष्करी जीवनावरील अभिजात रशियन कथांच्या या मराठी संग्रहात प्रत्यक्ष लढाई फारच थोडी आहे, आणि माझ्या मते तेच त्याचे बलस्थान आहे. रणभूमीवर घडणारी गार्शिनची ‘चार दिवस’ (१८७७) ही कथा अर्थातच हादरवून टाकते. रशिया-तुर्कस्तान युद्धात स्वेच्छेने सामील होऊन स्वतः जखमी झालेल्या या लेखकाचा नायक दोन्ही पाय निकामी होऊन, आपणच मारलेल्या शत्रुसैनिकाच्या प्रेताशेजारी पडून राहतो आणि त्याच मृताच्या बाटलीतील पाण्यावर तगतो.

तरीही संग्रहाचा खरा कस लागतो तो शांततेच्या काळातील कथांमध्ये. तॉल्स्तॉयच्या ‘नृत्यसमारंभानंतर’ या कथेतील कर्नल मुलीबरोबर नाचण्यापूर्वी रिवाजाप्रमाणे उजव्या हातात हातमोजा चढवतो. त्याचे पलटणीच्या चांभाराने शिवलेले जुन्या घाटाचे बूट पाहून प्रेमात पडलेला निवेदक गहिवरतो. दुसऱ्या दिवशी पहाटे हाच कर्नल, पळून जाताना पकडलेल्या तातार (रशियातील एका मुस्लिम अल्पसंख्य समाजातील) शिपायाला सैनिकांच्या दोन रांगांमधून फटके खात नेले जात असताना, पुरेशा जोराने न मारणाऱ्या एका दुबळ्या शिपायाच्या तोंडावर हातमोजा घातलेल्याच हाताने प्रहार करतो. कर्नल मनाने दुष्ट आहे असे तॉल्स्तॉय कुठेही सुचवत नाही, म्हणूनच ही कथा इतकी अस्वस्थ करते.

कुप्रिनची ‘चौकशी’ (१८९४) तिच्या जोडीनेच वाचावी. इथेही शिक्षा भोगणारा शिपाई तातारच आहे. आरोप आहे बुटांच्या चामड्याची एक जोडी आणि ३७ कोपेक चोरल्याचा. तरुण अधिकारी कोझलोव्स्की त्याच्याशी आईविषयी मायेने बोलून कबुली मिळवतो, आणि त्या मायेची परिणती फटक्यांमध्ये होताना त्याला उभे राहून पाहावे लागते. कुप्रिन स्वतः पायदळात अधिकारी होता, हे कचेरीतील कंटाळ्याच्या बारीकसारीक वर्णनावरूनही कळते.

चेखवच्या ‘चुंबन’मध्ये (१८८७) तोफखान्याच्या कूच करणाऱ्या तुकडीचे लांबलचक वर्णन काहींना रटाळ वाटेल. मला मात्र ते अपरिहार्य वाटते, कारण अंधारात चुकून मिळालेल्या चुंबनाने हरखलेल्या रियाबोविचला तोफा, घोडे आणि धूळ यांचा तोच क्रम वर्षानुवर्षे पाहावा लागणार असतो.

अनुवाद प्रवाही आहे, पण संपादनाने वाचकाला वाऱ्यावर सोडले आहे. कथा लेखकांच्या आडनावांनुसार लावल्या आहेत आणि टिपा जवळजवळ नाहीतच. रांगांमधून फटके देत नेण्याची शिक्षा रशियात १८६३ मध्ये रद्द झाली, एवढे जरी सांगितले असते, तरी तॉल्स्तॉयची कथा त्याआधीच्या, झार निकोलस पहिल्याच्या राजवटीतील आणि कुप्रिनची त्यानंतरच्या, सुधारणा झालेल्या म्हणवल्या जाणाऱ्या सैन्यातील, हा फरक वाचकाच्या ध्यानात आला असता.