डिस्नेच्या हॉटेलात खोली: तारखेच्या भावाने घ्यावी की भाड्याच्या पॉइंटांवर?

ऑर्लँडोला डिस्नेच्याच हॉटेलात उतरायचं, हे घरात एकदा ठरलं की पुढे खरा प्रश्न पैसे कोणत्या वाटेने भरायचे हा उरतो. सरळ वाट म्हणजे डिस्नेच्या संकेतस्थळावर तारखा टाकायच्या आणि दिसेल तो भाव द्यायचा; तिला रोखीची वाट म्हणू. दुसरी वाट जरा आडवळणाची. डिस्ने व्हेकेशन क्लब ही डिस्नेची सभासद योजना, तिच्यात सभासदाला दरवर्षी ठरावीक पॉइंट मिळतात आणि पैशांऐवजी ते मोजून खोली घेता येते. अशा एखाद्या सभासदाकडून त्याचे पॉइंट भाड्याने घ्यायचे आणि त्याच्या खात्यातून आपल्या नावावर स्टुडिओ खोली करून घ्यायची. कुठल्याही वाटेने गेलात तरी सकाळी अर्धा तास आधी पार्कात सोडतात आणि हॉटेलचं पार्किंग फुकट असतं, त्यामुळे त्यावर शब्द घालवत नाही. तुलना एकाच इमारतीची करतो, अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधल्या जांबो हाऊसची. तिथे रोखीच्या खोल्याही आहेत आणि पॉइंटांच्याही, म्हणजे जागेचा फरक हिशेबात लुडबुडत नाही.

आधी हंगाम. पूर्वी हंगामांना नावं असायची, आता प्रत्येक रात्रीला स्वतःचा भाव आहे. भाव चढतात ते ठरलेल्या वेळी: फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डेचा आठवडा, ईस्टरच्या आगेमागे, थँक्सगिव्हिंग, आणि सर्वांत वर नाताळ ते नवं वर्ष. साध्यात साध्या हॉटेलातली खोलीसुद्धा नाताळात पडत्या हंगामाच्या दुपटीच्या आसपास जाते. उतार दोन. एक जानेवारीत, डिस्नेच्या मॅरेथॉनचा शनिवार-रविवार उरकल्यावर. दुसरा ऑगस्टच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरभर. या दुसऱ्या उताराचं कारण शाळा. फ्लोरिडा-जॉर्जियाकडच्या शाळा ऑगस्टच्या पूर्वार्धातच उघडतात आणि पार्कातली गर्दी ओसरते. न्यू जर्सीतल्या शाळा मात्र बऱ्याच ठिकाणी लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) सुमारास सुरू होतात. एडिसन-पिस्कॅटवेच्या मंडळींना त्यामुळे ऑगस्टचा शेवटचा आठवडा आयता मिळतो: भाव पडलेला आणि शाळाही बुडत नाही. कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्यांना हे सुख नाही, त्यांची शाळा तोवर लागलेली असते. उलट नोव्हेंबरात न्यू जर्सीच्या शिक्षकांचं अधिवेशन असतं आणि गुरुवार-शुक्रवार सुट्टी मिळते. तो आठवडा डिस्नेवाल्यांमध्ये ‘जर्सी वीक’ म्हणूनच ओळखला जातो. आपल्याला वाटतं आडवेळ आहे, आणि अर्धी न्यू जर्सी तिथेच भेटते. गणपतीही बहुतेक वर्षी त्या स्वस्त पट्ट्यातच येतात, त्याचं काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

पॉइंटांचा हंगाम वेगळा चालतो. क्लब १९९१ पासूनचा आहे. प्रत्येक हॉटेलचा तक्ता वर्षभर आधी जाहीर होतो, आणि एकदा छापला की त्या वर्षापुरता तोच. वर्षाचे एकूण पॉइंट बांधलेले असल्यामुळे एखाद्या आठवड्याचे वाढवले तर दुसऱ्या कुठल्या तरी आठवड्याचे कमी करावे लागतात. मागणी वाढली म्हणून रातोरात भाव फुगवला, असं इथे होत नाही. सप्टेंबर सर्वांत स्वस्त, २४ ते ३१ डिसेंबर सर्वांत महाग. शुक्रवार-शनिवारच्या रात्रींना जास्त पॉइंट लागतात. रविवारी उतरून शुक्रवारी सकाळी निघालात तर पाचही रात्री खालच्या दरात बसतात.

आता आकडे. खोलीचे भाव पुढे-मागे होतील, म्हणून हे फक्त पद्धत दाखवण्यापुरते धरा. रोखीचा भाव रात्रीला ४५० डॉलर असेल तर त्यावर १२.५ टक्के कर लागून ५०६ होतात. त्याच खोलीच्या तोलाच्या स्टुडिओला १५ पॉइंट लागत असतील आणि पॉइंट २० डॉलरने मिळाला, तर ३०० डॉलर, वर कर नाही. मूळ भावाला मूळ भाव लावला तर पॉइंट सरळ जिंकतात. पण पडत्या हंगामात मूळ भाव कोण देतं? त्या महिन्यांत डिस्नेची सवलत हमखास निघते. ती २५ टक्के धरली तर करासकट ३८० होतात आणि फरक ८० डॉलरवर येतो. नाताळच्या आठवड्यात बहुधा सवलतच नसते, तिथे फरक पूर्ण उरतो. म्हणजे महागाईत पॉइंट जास्त वाचवतात, स्वस्ताईत कमी.

रोखीच्या बाजूला एक छुपा काटा आहे आणि तो नेमका आपल्या घरांना टोचतो. खोलीत दोनापेक्षा जास्त प्रौढ असले तर जांबो हाऊससारख्या वरच्या वर्गाच्या हॉटेलात प्रत्येक जादा प्रौढामागे रात्रीला ३५ डॉलर लागतात. मधल्या वर्गात २५, साध्या हॉटेलांत १५. अठराच्या आतली मुलं यात मोजत नाहीत. पुण्याहून आई-बाबा आलेत, चौघेही प्रौढ, म्हणजे रात्रीला ७० आणि त्यावर कर. अनेक जण आधी ‘दोन प्रौढ’ टाकून भाव बघतात, घरात सांगूनही टाकतात, आणि नावं भरताना आकडा बदलला की गोंधळतात. पहिल्यापासून सगळ्यांची वयं टाकूनच बघा. पॉइंटांच्या खोलीला हा भार नाही. तक्त्यात खोलीचा भाव असतो, माणसांचा नाही.

खाण्यापिण्याचंही थोडं. स्टुडिओत मायक्रोवेव्ह, टोस्टर आणि छोटा फ्रिज असतो. रोखीच्या साध्या खोलीत फ्रिज आणि कॉफीचं यंत्र मिळतं, मायक्रोवेव्ह नाही. आई-बाबांना पहाटे चहा हवा असेल आणि दूध कोमट करायचं असेल तर हा फरक दिसतो तेवढा छोटा नाही. स्टुडिओच्या साधारण दुप्पट पॉइंट मोजले की एक बेडरूमचं घरच मिळतं: पूर्ण स्वयंपाकघर, कपडे धुण्या-वाळवण्याचं यंत्र. वरण-भात आरामात होतो. फोडणी मात्र बेताने करा, धुराचा गजर छताला लावलेला असतो. आणि पॉइंटांच्या खोलीत रोज झाडूपोछ्याची अपेक्षा ठेवू नका. सात रात्रींपर्यंतच्या मुक्कामात चौथ्या दिवशी कचरा नेतात आणि टॉवेल बदलतात, बाकी आपलं आपण. बाहेर जेवायचं तर शेजारच्या किदानी इमारतीत ‘साना’ आहे. ब्रेड सर्व्हिस मागवली की नान-कुलच्यांबरोबर चटण्यांच्या वाट्यांची रांग येते. चार दिवस बर्गर खाल्लेल्या सासूबाईंच्या चेहऱ्यावर त्यानंतर जे दिसतं, त्याची नोंद कुठल्याच तक्त्यात नसते.

इथवर वाचून वाटेल की पॉइंटच घ्यावेत. हिशेबापुरतं ते बरोबरही आहे. तरी माझा कल रोखीकडे झुकतो, आणि त्याचं कारण एकच आहे.

भाड्याच्या पॉइंटांवर खोली आपली असते, पण किल्ली दुसऱ्याच्या खिशात. आरक्षणावर नाव तुमचं, खातं सभासदाचं. तारीख एका दिवसाने सरकवायची, एक रात्र वाढवायची किंवा खोलीचा प्रकार बदलायचा, यातलं काहीही सभासदच करू शकतो. क्लबचा मदतकक्ष तुमच्याशी त्याबद्दल बोलणार नाही. न्यूअर्कहून निघणारं विमान वादळी पावसाने रद्द झालं, रात्रीचे अकरा वाजलेत, सभासद तिकडे कॅलिफोर्नियात जेवतोय किंवा फोन बंद करून झोपलाय. तो उठेपर्यंत तुमच्या हातात काही नाही. आणि उठला तरी फारसं काही करता येईलच असं नाही, कारण मोकळी खोली लागते आणि वरचे पॉइंट लागतात.

पैसे परत का मिळत नाहीत, हेही समजून घ्यावं. सभासद हटवादी असतो म्हणून नव्हे. त्याचे पॉइंट नाशवंत असतात. वापराच्या वर्षातल्या, म्हणजे त्याला नवे पॉइंट मिळाल्यापासूनच्या वर्षातल्या, पहिल्या आठ महिन्यांत ते पुढच्या वर्षात ढकलता येतात, त्यानंतर नाही. शिवाय मुक्कामाला ३० किंवा त्याहून कमी दिवस उरले असताना आरक्षण रद्द केलं तर पॉइंट वेगळ्या कप्प्यात पडतात, आणि तिथून फक्त पुढच्या ६० दिवसांच्या आतली खोली घेता येते. शेवटच्या घडीला परत आलेल्या या पॉइंटांचं तो करणार काय? म्हणून करारातच ‘परतावा नाही’ लिहिलेलं असतं आणि रक्कम पूर्ण किंवा बरीचशी आधीच द्यावी लागते. आपली आई-बाबांबरोबरची सहल व्हिसाच्या तारखेवर, गुडघ्याच्या दुखण्यावर, नाही तर गावाकडच्या एखाद्या लग्नावर टांगलेली असते. तिला हा करार मानवत नाही.

रोखीला अनामत एका रात्रीची. फक्त खोली घेतली असेल, तिकिटांसकट पॅकेज नसेल, तर पाच दिवस (संकेतस्थळावरून घेतली असेल तर सहा दिवस) आधीपर्यंत रद्द करून सगळे पैसे परत. पॅकेज घेतलंत तर ही मुदत ३० दिवसांवर जाते, म्हणून खोली आणि तिकिटं वेगवेगळी घ्यावीत असं मला वाटतं. विमान चुकलं तर त्याच संध्याकाळी हॉटेलला फोन करून ‘उद्या येतोय, खोली सोडू नका’ एवढं सांगायचं. पहिल्या रात्रीचे पैसे जातात, पुढच्या रात्री शाबूत राहतात. न कळवता गैरहजर राहिलात तर मात्र पूर्ण आरक्षण जाऊ शकतं.

आणि वादळं. १ जून ते ३० नोव्हेंबर हा तिथला चक्रीवादळांचा काळ, त्याचा कळस सप्टेंबरच्या मध्याला. म्हणजे स्वस्ताईचा पट्टा आणि वादळांचा पट्टा एकच. आगमनाच्या सात दिवसांच्या आत ऑर्लँडोसाठी किंवा तुमच्या राहत्या गावासाठी चक्रीवादळाचा इशारा निघाला तर डिस्ने स्वतःचं रद्द-शुल्क न लावता तारीख बदलून देते किंवा पैसे परत करते. हे थेट घेतलेल्या खोलीला लागू. सभासदाला दिलेले पैसे हा तुमच्या दोघांतला व्यवहार, त्याच्यावर या नियमाची छत्री नाही. ज्या महिन्यात पॉइंट रात्रीला जेमतेम ८० डॉलर वाचवतात, त्याच महिन्यात ते सर्वांत जास्त धोक्याचे ठरतात. पाच रात्रींच्या ४०० डॉलरसाठी ही जोखीम घ्यावी का? चौघे प्रौढ असतील तर ३५-३५ डॉलरच्या भारामुळे वाचणारी रक्कम जवळपास दुप्पट होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तरीही मी घेणार नाही. दोघंच असाल, तारखा पक्क्या असतील आणि प्रवासविमा काढलेला असेल, तर तुम्ही घ्यालही.

रोखीने जाणार असाल तर खोली आजच धरून ठेवा, सवलतीची वाट बघत थांबू नका. सवलत निघाली की ती जुन्या आरक्षणाला आपोआप लागत नाही, आणि तुमच्या प्रकारच्या खोल्या त्या सवलतीत असतीलच असं नाही. आधी नव्या भावाने दुसरं आरक्षण करा, पक्कं झाल्याचा क्रमांक हाती येऊ द्या, मग जुनं रद्द करा. उलट क्रमाने केलंत तर मधल्या दहा मिनिटांत खोली जाते. जुन्याच आरक्षणात तारीख सरकवली तर मुक्काम त्या दिवशीच्या चालू भावाने मांडला जातो, म्हणून ‘एकच दिवस तर पुढे ढकलायचाय’ म्हणत घाईने बटण दाबू नका.

नाताळच हवा असेल आणि तारखा दगडावरची रेघ असतील, तर पॉइंटांची वाट धरायला माझी हरकत नाही. पण मग उशीर चालत नाही. ज्या सभासदाचं मूळ हॉटेल, म्हणजे त्याने सभासदत्व जिथलं घेतलं ते, अ‍ॅनिमल किंगडम लॉज आहे त्याला ११ महिने आधी खोली धरता येते, बाकीच्यांना ७ महिने आधी. २४ डिसेंबरला उतरायचं तर असा सभासद २४ जानेवारीच्या आत हाताशी हवा. मे महिन्याच्या २४ तारखेला बाकीच्यांसाठी दार उघडेपर्यंत तिथल्या सर्वांत कमी पॉइंटांच्या खोल्या बहुधा संपलेल्या असतात. पैसे पाठवण्याआधी सगळ्यांची नावं पासपोर्टवरच्या स्पेलिंगनुसार द्या. आरक्षण क्रमांक मिळाला की त्याच दिवशी डिस्नेच्या अ‍ॅपमध्ये आपल्या खात्याला जोडून बघा. तारखा, खोलीचा प्रकार आणि चारही नावं तिथे दिसली, तरच उरलेली रक्कम द्या.