रेमिंग्टनच्या ठासणीच्या रिव्हॉल्व्हरला काडतुसाचा सिलिंडर: आठ महिने झाले (आणि ते मेलं झाकण)

मागच्या शनिवारी चौथा बार उडालाच नाही. घोडा पडला, टक् झालं, बस. नळी समोर धरून अर्धा मिनिट थांबलो (कधीकधी उशिरा पेटतं, घाई करायची नसते), मग तेच घर (सिलिंडरमधली काडतूस बसायची पोकळी) परत फिरवून आणलं, परत टक्. ते काडतूस काढून दुसऱ्या घरात टाकलं तर पहिल्या फटक्यात उडालं. म्हणजे काडतूस चांगलं, खोट सिलिंडरच्या मागच्या झाकणात. आठ महिने ज्या झाकणाला मी शिव्या घालतोय त्यानेच शेवटी माती खाल्ली, म्हणून म्हटलं आज लिहूनच टाकू.

बंदूक म्हणजे १८५८ रेमिंग्टन न्यू मॉडेल आर्मी या जुन्या रिव्हॉल्व्हरची इटालियन कॉपी, .४४ कॅलिबर, स्टील फ्रेमची. (नाव १८५८, पण ती तारीख नळीवरच्या पेटंटची, हे मॉडेल खरं आलं १८६३ च्या सुमाराला.) मी टेक्सासात राहतो, महिन्यातून एकदा काउबॉय मॅचला (जुन्या पद्धतीच्या बंदुकांनी निशाणेबाजीची स्पर्धा) जातो, टोपी घालून हिंडायची हौस बायकोच्या मते या वयात शोभत नाही पण ते असो. ठासणीच्या मूळ सिलिंडरच्या जागी बसवायचा हा सिलिंडर सहा घरांचा, .४५ कोल्ट काडतुसाचा, मागे सहा फायरिंग पिना (घोड्याचा फटका काडतुसाला पोचवणाऱ्या) असलेलं वेगळं झाकण. कंपनीचं नाव घेत नाही, भांडण अजून पूर्ण मिटलेलं नाही.

आधी हे सांगतो की मी ठासणीवर खूश होतो. संगमेश्वरकडे आमच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, भातात रानडुकरं यायची म्हणून पीक संरक्षणाचं लायसन होतं. दारू, काथ्या, छर्रे, गजाने ठासायचं, मग केप (घोड्याच्या फटक्याने ठिणगी पाडणारी छोटी टोपी). हे बघत लहानाचा मोठा झालो, त्यामुळे रेमिंग्टनच्या एकेका घरात पावडर ओतून वर शिशाची गोळी दाबायची, तोंडाला ग्रीस फासायचं, मागे केपा बसवायच्या, ह्यात मला कधी कंटाळा आला नाही. धूर असा की निशाण दिसेनासं होतं, आणि वास सगळा दिवाळीतल्या टिकल्यांचा. कंटाळा आला तो घरी आल्यावर. काळ्या दारूची राख रात्रभर राहिली की गंज, त्यामुळे कितीही उशीर होवो, गरम पाणी साबण घेऊन सिंकपाशी एक तास. आणि किचनभर सडक्या अंड्याचा वास. तिसऱ्या मॅचनंतर बायकोने खिडकी उघडली आणि काही बोलली नाही, तेव्हाच मी सिलिंडर ऑर्डर केला.

किंमत? बंदूक जेवढ्याला पडली जवळपास तेवढीच. तीनशे डॉलरच्या आसपास, एका लोखंडी ठोकळ्याचे! पण मग वाचलं की हा खर्च जुनाच आहे. आरपार घरं असलेल्या सिलिंडरचं पेटंट रॉलिन व्हाइट नावाच्या माणसाचं, १८५५ चं, आणि ते स्मिथ अँड वेसनच्या मुठीत. १८६९ ला ते संपेपर्यंत बाकीच्यांनी वाट बघायची. रेमिंग्टनने १८६८ लाच त्यांना बंदुकीमागे रॉयल्टी मोजून साडेचार हजारांच्या आसपास रिव्हॉल्व्हर काडतुसाच्या करून घेतल्या, .४६ रिमफायर (कडेवर फटका बसून उडणारं काडतूस), तेही पाचच घरांच्या. म्हणजे घाई झालेल्याने पैसे मोजायचे ही रीत तेव्हापासूनची. आताच्या सिलिंडरमध्ये सहा बसतात कारण घरं किंचित तिरकी कोरलेली असतात, नाहीतर काडतुसांच्या कडा एकमेकींवर चढतात. ही कारागिरी मात्र मान्य, पहिल्या दिवशी अर्धा तास नुसता हातात घेऊन बघत बसलो होतो.

आता झाकण.

रेमिंग्टनला बाजूला काडतूस घालायची फट नसते. म्हणजे बार संपले की घोडा अर्धा ओढा, नळीखालचा दांडा खाली, सिलिंडर अडकवणारी पिन पुढे, सिलिंडर बाहेर, मग झाकण काढा, रिकामी टरफलं काठीने ढकला (मी चायनीजच्या पार्सलबरोबर आलेली चॉपस्टिक वापरतो, फुकट आणि लाकडी, घराला ओरखडा नाही), नवीन काडतुसं घाला, झाकण बारक्या खुंटीवर बरोबर बसवा, सिलिंडर आत, पिन मागे, दांडा वर. ह्या सगळ्यात झाकणाला धरायला जागाच नाही! दोन रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठं, गुळगुळीत, तेलकट. घामेजल्या बोटातून सटकलं की संपलं. जूनच्या मॅचला ते खडीत पडलं आणि सगळी रांग थांबवून मी गुडघ्यावर बसून खडे उचलतोय, तांदूळ निवडावेत तसे, मागे ऑगस्टपर्यंत लोक मला हसले. एवढे पैसे घेता, मग झाकणाच्या कडेला दोन खाचा मारायला काय जातं? साध्या लोणच्याच्या बरणीच्या झाकणाला असतात!

फट कोरून गेट (काडतूस घालायचं छोटं दार) बसवायचं किटही मिळतं, त्यात सिलिंडर काढावाच लागत नाही, पण त्यासाठी गनस्मिथकडून फ्रेम कापून घ्यायची. चांगल्या फ्रेमला घासायला माझा हात होईना, मजुरी वेगळीच.

खर्चाचं बोलू. एक पाउंड दारू म्हणजे ७००० ग्रेन, मी एका बाराला ३० ग्रेन घालतो, म्हणजे दोनशे तेहतीस बार. गोळी, केप धरून ठासणीचा एक बार मला चाळीस-पंचेचाळीस सेंटला पडतो. काउबॉय लोडचं (कमी जोराचं) तयार काडतूस डॉलरच्या पुढेमागे. दुप्पट! त्यामुळे टरफलं मी एकूण एक गोळा करतो, दुसऱ्यांनी टाकलेलीसुद्धा, परवानगी विचारून. आणि हलकं काउबॉय लोडच घालायचं हां, जोरकस काडतूस या सिलिंडरला चालत नाही, पितळी फ्रेमच्या बंदुकीला तर हे प्रकरण लावायचंच नाही. आणखी एक, नुसती ठासणीची असते तोवर ही कॉपी इथल्या केंद्राच्या १९६८ च्या बंदूक कायद्यात अँटिक धरतात, काडतुसाचा सिलिंडर बसला की ती सरळ फायरआर्म. राज्याचे नियम वेगळे असतात, आधी बघून घ्या. भारतातल्यांनी नुसतं वाचून सोडून द्या, तिकडे ठासणीलाच लायसन लागतं.

नेम? इथे मात्र तक्रार नाही. पंधरा यार्डावर ठासणीपेक्षा दोन बोटं वर लागतं पण पाचही एका बशीत. (मॅचला पाचच भरतात, घोडा रिकाम्या घरावर.) आणि साफसफाई पंधरा मिनिटांत, वास नाही, खिडकी बंद.

तर शनिवारचं. विकणाऱ्याला मेल केला. उत्तर आलं, रिकामी चालवून (काडतूस न घालता घोडा पाडून) पिन खराब केली असेल तर वॉरंटी नाही. मी रिकामी चालवत नाही! दुसरा मेल, सिलिंडर आणि झाकण जोडीचे आहेत, दोन्ही पाठवा, पाठवणावळ तुमची. अठरा डॉलर! एका पिनेसाठी! मी दोन पानी मेल लिहिला, त्यात झाकणाच्या खाचांचाही विषय काढला. इथपर्यंत लिहून मी या रिव्ह्यूला पाचपैकी दोन स्टार देऊन ठेवले होते.

दोन आठवड्यांनी पुढे लिहितोय. त्यांच्याकडून फोन आला, आवाजावरून चांगला सत्तरीचा म्हातारा. माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, तेल किती घालतोस? मी म्हटलं प्रत्येक मॅचच्या आधी, पिनांच्या भोकांत, शिवणयंत्राचं. तो हसलाच. म्हणाला रात्रभर सॉल्व्हंटमध्ये बुडव, पुसून कोरडं ठेव, मग बोल. बुडवलं. सकाळी चार नंबरच्या पिनेभोवतून काळा चिकट गोळा निघाला, गुळाच्या काकवीसारखा, तेल आणि राख मिळून झालेला. पिन सुटी. त्यानंतर साठ बार झाले, एकही चुकला नाही. म्हणजे पिन माझ्याच तेलाने अडकली होती, हे मान्य करायला दोन दिवस लागले, बायकोला अजून सांगितलेलं नाही.

स्टार चार करतो. पाचवा खाचांसाठी राखून ठेवलाय, म्हाताऱ्याला तेही सांगितलं, तो म्हणाला बरेच जण म्हणतात.

झाकण आता चहाच्या जुन्या गाळणीत ठेवून धुतो, सिंकच्या भोकात जायची भीती नाही. गाळणी रेंजच्या बॅगेतच असते. घरी नवीन आणावी लागली, अडीच डॉलरची, तीही या सिलिंडरच्या खात्यात मांडलीये.