गप्पी, मॉली, प्लॅटी की स्वोर्डटेल? आधी घरचं पाणी बघा

पहिलीच टँक आणि त्यात पिल्लं देणारे मासे हवेत म्हटलं की दुकानदार हीच चार नावं सांगतो आणि आपण रंग बघून बोट दाखवतो. माझं कळकळीचं सांगणं आहे, तसं करू नका, घरी पाणी कुठलं येतं आणि पिल्लांचं काय करणार ते आधी ठरवा.

पाण्याचं म्हणजे असं की हे चारही मासे जरा जड, क्षार असलेल्या पाण्यातले, पण मॉलीला ते सगळ्यात जास्त लागतं. आमच्याकडे ठाण्यात नळाचं पाणी हलकं, टीडीएस मीटरवर ७०च्या आसपास (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार; ते म्हणजे पाण्याचा जडपणा, हार्डनेस, नव्हे, पण अंदाज येतो). मी काळ्या मॉल्या आणल्या, आठवड्याभरात एक मादी जागच्या जागी अंग डोलवायला लागली, पंख मिटलेले, पुढे सरकतच नाही, थंडी वाजल्यासारखी नुसती थरथर. याला शिमी म्हणतात, तेव्हा मला माहीत नव्हतं, मी औषधं टाकत बसले आणि चारातल्या तीन गेल्या, अजून वाईट वाटतं. माझ्या बहिणीकडे वाघोलीला बोअरचं पाणी आहे, किटलीत पांढरा थर बसतो असलं, तिच्याकडे त्याच मॉल्या दीड वर्ष मस्त आहेत आणि काचेवरचं शेवाळ चरत असतात. तेव्हा बोअरवाल्यांनी मॉली बिनधास्त घ्यावी, फक्त टँक तीन फुटी हवी कारण ती चांगली मोठी होते आणि घाणही तेवढीच करते. नळाचं हलकं पाणी असेल तर फिल्टरमध्ये कोरलचा चुरा टाकून पाणी जड करता येतं, पण पहिल्याच टँकला ही कटकट कशाला? आणि बलून मॉली तर कुणीच घेऊ नका, तिचं ते गोल पोट म्हणजे मुद्दाम जोपासलेला वाकडा कणा आहे.

गप्पी आपल्याला महापालिकेमुळे माहीत, विहिरीत सोडतात तो, डासांच्या अळ्या खाण्यासाठी भारतात शंभरेक वर्षांपूर्वीच आणलेला. तो साधा गप्पी काटक असतो. दुकानातला मोठ्या शेपटीचा फॅन्सी गप्पी मात्र जवळच्या नात्यात पैदास करून करून नाजूक झालेला असतो, पाणी जरा खराब झालं की शेपूट चिकटते. दोन फुटी टँकमध्ये छान राहतो, पण साधारण महिन्याला वीस-तीस पिल्लं धरून चाला. आणि फक्त माद्या आणल्या की प्रश्न मिटला असं अजिबात नाही, मादी नराचं बीज महिनोन्महिने साठवून ठेवते, त्यामुळे दुकानातून आलेली मादी घरी एकटी असली तरी पुन्हा पुन्हा पिल्लं देते. पिल्लं नकोच असतील तर फक्त नर पाळा, रंग तसाही नरांनाच जास्त.

स्वोर्डटेल दिसायला चौघांत सगळ्यात रुबाबदार, पण नर एकमेकांच्या मागे लागतात म्हणून एकच नर आणि तीन माद्या ठेवायच्या, टँक इथेही तीन फुटी, आणि झाकण हवंच हवं, फट राहिली तर उडी मारून बाहेर पडतो. प्लॅटीबरोबर ठेवलात तर दोघांची संकर पिल्लं होतात, हेही लक्षात ठेवा.

राहिली प्लॅटी. दोन बोटं लांब, गुबगुबीत, शांत, दोन फुटी टँकमध्ये पाच-सहा आरामात राहतात, आणि नळाचं पाणी ती मॉलीपेक्षा कितीतरी चांगलं सोसते. पहिल्यांदा पाळणाऱ्याला मी डोळे मिटून हीच सांगते. पहाटे एकदा लाल मादी पिल्लं देताना बघितली, एकेक पिल्लू दुमडलेलं बाहेर पडतं, खाली जाता जाता सरळ होतं आणि लगेच मॉसमध्ये, म्हणजे टँकमधल्या शेवाळासारख्या दाट वनस्पतीत, घुसतं. घुसावंच लागतं, कारण आई वळून त्यालाच खाते. दाट मॉस असेल तर थोडी वाचतात, तेवढी पुरे, म्हणून मी ब्रीडिंग बॉक्स (पिल्लं आईपासून वेगळी ठेवायची छोटी पेटी) वापरतच नाही.

कुठलाही घ्या, नळाच्या पाण्याला अँटीक्लोरीन (क्लोरीन घालवणारं औषध) टाका, फिल्टर लावून टँक तीन-चार आठवडे मुरू द्या, मग दोन-तीनच मासे आणून सुरुवात करा. पुणे-नाशिककडे थंडीत हीटर लागतो, ठाण्यात माझा वर्षभर बंदच असतो. पिल्लं जास्त झाली तर दुकानात विचारा, ओळखीत द्या, पण तळ्यात किंवा ओढ्यात सोडू नका, तिथल्या आपल्या माशांची अंडी-पिल्लं हे खातात.